डोळ्यातला ठिपका

"होईल हो, होईल."

कुणी काहीही मागो, आमच्या पेंटरांचं उत्तर हे ठरलेलं. म्हणताना मान एका बाजूला कलायची आणि ब्रशच्या मागच्या टोकानं ते उजवा कान खाजवायला लागायचे. त्यामुळे त्या कानाला कायम कुठला ना कुठला रंग लागलेला असे. कान हिरवा दिसला की मी ओळखायची, आज कुणाच्या तरी आईचं लुगडं रंगवून आलेत.

अलिबागच्या बाजारात आमचं फ्रेमांचं दुकान आहे. सासऱ्यांनी घातलेलं. नवरा मुंबईला नोकरीला, शनिवारी रेवसच्या लाँचनं यायचा आणि सोमवारी परत. मग दुकानात बसणार कोण? मी. काच कापायला शिकले, पट्ट्या जोडायला शिकले, गिऱ्हाइकाशी भांडायला मात्र शिकावं लागलं नाही. पेंटर आपली चित्रं फ्रेमसाठी माझ्याकडेच आणत. ते मला वहिनी म्हणत, मी त्यांना 'अहो पेंटर'. खरं नाव मला ठाऊक होतं, पण सबंध किनाऱ्यावर त्यांना नावानं हाक मारणारं कुणी भेटलं नाही, म्हणून मीही इथे मारत नाही.

तुमच्याही गावात असा एखादा येऊन गेला असेल. पांढरा लेंगा, खांद्याला पिशवी, हातात रंगांचा पत्र्याचा डबा. आमचे पेंटर पालीकडचे. पावसाळाभर पेणला गणपतीच्या कारखान्यात बसायचे. मूर्ती दुसरे करत, रंग तिसरे देत, हे फक्त डोळे आखायचे. दसरा झाला की डबा उचलून किनाऱ्याला निघायचे. किहीम, रेवस, खाली पार मुरूडपर्यंत. घराघरात बसून माणसं काढायची, जिवंत असली तर समोर बसवून, गेलेली असली तर जुन्या फोटोवरून. फोटोही नसला तर घरच्यांना विचारून. शिमगा आटपला की परत पालीला बहिणीकडे. लग्न केलं नाही. मी एकदा छेडलं होतं, "का हो, कुणी हो म्हणालं नाही?" तर म्हणाले, "मी सगळ्यांनाच हो म्हणतो वहिनी, कुठल्या बाईला चालेल?"

ते मात्र खरं होतं. या माणसाच्या तोंडात नाही हा शब्दच नव्हता. एका सोनाराच्या आईला बोळक्या तोंडात दात हवे होते. होईल. किहीमच्या एका वाडीवाल्याला हनुवटीवरचा मस नको होता. होईल. मग म्हातारा वारला आणि मुलं आली तणतणत, मस नसलेला बाप आम्हाला ओळखू येत नाही म्हणून. होईल, म्हणाले, आणि मस परत काढला, फक्त भलत्या गालावर. दोघा भावांचं तर विचारूच नका. थोरल्याला बापाच्या डोक्यावर फेटा हवा, धाकट्याला टोपी. दोघांनी पेंटरांना वेगवेगळं गाठलं, पेंटर दोघांनाही होईल म्हणाले. चित्र माझ्याकडे आलं तेव्हा म्हाताऱ्याच्या डोक्यावर फेटा होता आणि मांडीवर ठेवलेल्या हातात टोपी. मी हसून हसून बेजार. "अहो पेंटर, हा काय टोप्या विकायला बसलाय?" पण दोघे भाऊ खूश होऊन चित्र घेऊन गेले, काय बोलणार!

एका बाबतीत मात्र हा माणूस कुणाचं ऐकायचा नाही. जिवंत माणसाच्या डोळ्यात पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्यायचा आणि गेलेल्याच्या डोळ्यात द्यायचा नाही. गणपतीचे डोळे आखून आखून बसलेली शिस्त असेल. ठिपका पडला की नजर उजळते, माणूस बघायला लागतो. आमच्या भागात हे सगळ्यांना माहीत झालं होतं. परक्या घरात गेलं की लोक आधी चित्राचे डोळे बघत, मगच हात जोडायचे की नाही ते ठरवत.

आणि जिवंतपणी काढलेलं माणूस पुढे गेलं, की घरचे निरोप धाडत, ठिपका काढायला या. पेंटर जिथे असतील तिथून यायचे. घरात चहासुद्धा घ्यायचे नाहीत. चित्र भिंतीवरून उतरवायचे, मी काच काढून द्यायची, ते बारीक ब्रशानं ठिपका काळ्यानं बुजवायचे. त्यानंतर हार. बायका तेवढा वेळ रडं आवरून धरत आणि ठिपका बुजला की हंबरडा फोडत. मी चुका, म्हणजे फ्रेमचे बारीक खिळे, ठोकायला हातोडी घेऊन बाजूला उभी असायची. मला तिथे फार अवघडल्यासारखं व्हायचं.

आता मुख्य सांगायचं ते.

रेवसच्या वाटेवर, धक्क्याला लागून एक कोळीवाडा आहे. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या चांगुणाचा नवरा घरच्या होडीवर मासेमारीला गेला तो आला नाही. होडी आली, बाकीचे खलाशी आले, हा नाही. प्रेतही लागलं नाही. चांगुणा तेव्हा लहान वयाची, पदरात मुलगा. सासऱ्यानं बरेच दिवस वाट बघितली, मग मन घट्ट केलं. भटजींना विचारून दिवस करायचं ठरवलं, पाहुण्यांना सांगणं धाडलं आणि पेंटरांना बोलावून घेतलं. घरात लग्नातल्या घोळक्याचा एक फोटो होता, त्यात नवरदेवाचं तोंड चिंचोक्याएवढं. त्यावरून आणि सासऱ्याच्या तोंडावरून पेंटरांनी त्याचं चित्र काढलं. गेलेल्या माणसाचं, म्हणजे ठिपका नाही.

मी त्या दिवशी गेले नव्हते. काच कापून, पट्टी बनवून पेंटरांच्या हाती दिली. आपले आपण ठोकून घेईन म्हणाले. म्हाताऱ्यानं उघडं चित्र हातात घेऊन बघितलं, "हाय, माजाच पोर हाय," म्हणाला आणि आत जाऊन बसला. पेंटरांनी ओट्यावर बसून काच घातली, चित्र भिंतीला लावलं आणि गाडी गाठली.

दिवेलागणीला चांगुणा देवापुढे दिवा लावायला गेली आणि ओरडली. "जित्ता हाय! ठिपका हाय डोल्यात!"

सगळा वाडा गोळा झाला. बघतात तर खरंच, दोन्ही डोळ्यांत ठिपके! म्हातारा म्हणाला, मी या हातात धरून बघितलंय, ठिपका नव्हता. आणि तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. मग काय, ठिपका आपोआप उगवला असंच ठरलं. देवानंच सांगितलं, पोर कुठंतरी जिवंत आहे. भटजींना नको म्हणून कळवलं. चांगुणाच्या बांगड्या हातात राहिल्या, कुंकू कपाळावर राहिलं. आसपासच्या गावांतून माणसं चित्र बघायला येऊ लागली.

मला हे बाजारातल्या कोळणींनी सांगितलं. पुढे पेंटर दुकानात आले तेव्हा मी ती गंमत म्हणून त्यांना सांगायला गेले. कान खाजवणारा त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

"वहिनी, पाणी द्या जरा."

पाणी दिलं. पण मी कसली सोडते? "तुम्हीच मागाहून दिलात ना ठिपका?"

त्यांनी मान खाली घातली. "दिला."

"अहो, मग जाऊन सांगा त्यांना! सगळा गाव येडा झालाय तिकडे."

"होईल," म्हणाले. मधला 'हो' नाही, कान खाजवणं नाही, नुसतंच होईल.

गेले मात्र. पुढच्या आठवड्यात गेले. आणि संध्याकाळी दुकानात येऊन स्टुलावर असे बसले की मला वाटलं, वाटेत कुणी मारहाण केली. गाडीतून उतरल्या उतरल्या धक्क्यावर म्हातारा दिसला होता. हा आता रोज संध्याकाळी तिथे बसायचा, येणारी प्रत्येक होडी बघायचा. पेंटरांना बघून तो उठला आणि त्यानं त्यांचे हात धरले.

"पेंटर, तुमी ठिपका दिला नव्हता ना? मी बगलं व्हतं."

"चित्रात नव्हता दिला," पेंटर म्हणाले.

"मंग येल ना माजा पोर?"

एवढं सांगून पेंटर उठायला लागले. मी विचारलं, "मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"येईल म्हटलं."

मला असा संताप आला! हातातली पट्टी मी टेबलावर आपटली. म्हटलं, "लाज नाही वाटली? म्हातारा माणूस मन घट्ट करून बसला होता, त्याला परत वाट बघायला बसवलंत. पोराचं क्रियाकर्म करू दिलं नाहीत. आणि ती पोर जन्मभर कपाळाला कुंकू लावून कुणासाठी बसणार? उद्या परत जा आणि सगळ्यांसमोर सांगा."

पेंटरांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले. "आता नाही होणार, वहिनी," म्हणाले.

त्यांच्या तोंडून 'नाही होणार' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आणि त्यानंतर त्यांचं ते 'होईल हो, होईल' कधीच ऐकलं नाही. गिऱ्हाइकांनी काही मागितलं तर म्हणायचे, "बघतो." काम तेच, हात तोच, पण माणूस उतरला. लोकांच्या तोंडाकडे बघणं हाच ज्याचा धंदा, तो बोलताना जमिनीकडे बघायला लागला. मी चहा मागवला तर नको म्हणायचे, जणू आमच्या दुकानातला चहा प्यायची आपली लायकी नाही. मला ते बघवायचं नाही आणि बघवत नाही म्हणून मी आणखीच टाकून बोलायची.

त्या कोळीवाड्यात ते पुन्हा गेले नाहीत. रेवसकडे काम असलं तर गाडीतूनही तो धक्का दिसू नये म्हणून एक थांबा अलीकडे उतरायचे आणि खाजणाच्या, खाऱ्या दलदलीच्या बांधावरून लांबचा वळसा घालून जायचे. उन्हातून, डबा सांभाळत. एसटीचे कंडक्टरसुद्धा विचारायचे, "काय पेंटर, तिकीट पुढचं आणि उतरता हितं?"

चांगुणा पुढे अलिबागच्या बाजारात मासळी घेऊन बसायला लागली. हातभर हिरवा चुडा, कपाळाला ठसठशीत कुंकू, बोलायला फटकळ. वाकडं बोलायची कुणाची छाती नव्हती. पण पेंटर बाजारात दिसले की डोक्यावरून पदर ओढून तोंड फिरवायची. एकदा तर विकायला मांडलेली टोपली तशीच सोडून दुसऱ्या गल्लीत गेली. मला वाटायचं, बरोबर आहे तिचं. नुसत्या ठिपक्यावर बाईला टांगून ठेवलं, राग येणारच. पेंटरांना मी ते बोलूनही दाखवलं.

म्हातारा धक्क्यावर बसायचा तो बसायचाच. शेवटी शेवटी त्याला दिसत नव्हतं, तर होडीच्या इंजिनाचा आवाज ऐकून विचारायचा, कोन आयला? तो गेल्याचं कळलं तेव्हा पेंटर माझ्याकडेच होते. ते उठले, डबा तिथेच ठेवला आणि समुद्रावर गेले. बऱ्याच वेळानं डबा न्यायला परत आले.

मग दिवस पालटले. मोबाईल आले, फ्लेक्स आले. माणूस गेला की दुपारपर्यंत चौकात त्याचा दारापेक्षा मोठा फोटो लागतो, डोळ्यांत ठिपका आपसूकच असतो. पेंटरांना कोण बोलावणार? तरी दसऱ्यानंतर एक फेरी मारायचेच. दुकानात येऊन जुन्या चित्रांच्या काचा पुसून द्यायचे. मागल्या शिमग्यानंतर पालीला बहिणीच्या घरी झोपेतच गेले. त्यांच्या भाच्यानं फोन केला, फ्रेम करायचीय म्हणाला. फोटो काय पाठवला, तर आधार कार्डावरचा. तुम्हाला माहीत आहेच तो कसा येतो. एवढी माणसं काढली या माणसानं, पण स्वतःचं चित्र काढायला कुणापुढे बसला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चांगुणा दुकानात आली. आता तीही म्हातारी झालीय, मुलगा होडी चालवतो. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी तिनं टेबलावर ठेवलं आणि सोडलं. तिच्या नवऱ्याचं चित्र होतं.

"बाय, याची नजर खाली जेली."

"म्हणजे काय?"

"पयला समोर बगायचा. आता खाली बगतं. लाजल्यावानी. मना सोसत न्हाय ता. पेंटरला बोलाव आनि ठिपकाच काढून टाकाला सांग. पुरं झाला आता."

"पेंटर गेले गं," मी म्हटलं. "तुला कळलं नाही?"

ती दुकानाच्या पायरीवर बसली. हात मांडीवर.

मी चित्र उजेडात धरलं. म्हटलं, चित्रातल्या माणसाची नजर कशी खाली जाईल? पण खरंच गेली होती. ठिपके बुबुळाच्या खालच्या कडेला आले होते आणि गडी लाज वाटल्यासारखा स्वतःच्या छातीकडे बघत होता. मी फ्रेम उलटी केली. खाऱ्या हवेनं चुका पार गंजून गेल्या होत्या, बोट लावलं की चुरा. काच सैल होऊन खाली सरकली होती. फ्रेम परत सुलटी करून मी ती अलगद उचलली.

ठिपके काचेबरोबर वर आले.

मी काच परत ठेवली, परत उचलली. चित्राच्या डोळ्यांत काही नव्हतं. कधी नव्हतंच. ठिपके काचेच्या आतल्या बाजूला दिले होते. म्हाताऱ्याला उघडं चित्र दाखवलं तेव्हा ते खरंच ठिपक्याशिवायचं होतं. पण मग काच घालताना ठिपके दिले ते कुणासाठी?

"चांगुणा, हे बघ."

तिनं उठून बघितलं. काचेकडे, मग चित्राकडे. आणि पदर तोंडाला लावला.

"मीच मांगितला व्हता," ती म्हणाली. "मागल्या दारी गाटला त्यांना. म्हटला, दादा, ठिपका द्या. बांगड्या फुटल्या का मना इतं कोन ठेवनार? दीर टपलेलाच व्हता, होडी त्याला पायजे व्हती. माज्या पोराचा काय झाला असता? ते म्हनले, होईल."

"तुला वाटत होतं का नवरा येईल?"

"न्हाय गं. होडी हाकनाऱ्या तांडेलानं मना त्याच दिशी सांगतला व्हता. त्याच्या हातातून सुटला." पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "मी बोंबलले म्हनून देवाचा ठिपका झाला. पेंटरनं बोलून टाकला असता तर वाड्यानं मना फाडली असती. ते बोलले न्हाय. आनि मामंजी बसले धक्क्यावं. पेंटर दिसले का मना तोंड दाखवाला लाज वाटायची."

मी काय सांगू तुम्हाला? सासऱ्याला होईल, सुनेला होईल. फेटाही आणि टोपीही. या वेळी मात्र त्या भल्या माणसाला वाटलं नव्हतं, की एकाला दिलेलं दुसऱ्याच्या जिवावर बेतेल. आणि मी त्याला तोंड उघड, तोंड उघड म्हणून वर्षानुवर्षं बोलत होते, तिच्याच नावानं. आता स्वतःचीच लाज वाटून मला चांगुणाकडे बघवेना.

"नवी काच घालू?" मी विचारलं.

"घाल. साधी."

मी काच कापली, पुसली, नवीन चुका ठोकल्या. मग चित्र तिच्यासमोर उभं केलं. डोळे शांत होते, बघत नव्हते. चांगुणानं ते एकदा बघितलं, आणि तिथेच खाली बसून तिनं हंबरडा फोडला. भर बाजारात, दिवसाढवळ्या. इतकी वर्षं जिवंत माणसाची बायको होती ती, तिला मोठ्यानं रडता आलं नव्हतं.

आजूबाजूचे दुकानदार धावत आले. "काय झालं? काय झालं हिला?"

"नवरा गेला तिचा," मी म्हटलं.

ती गेल्यावर टेबलावर जुनी काच उरली. काच चांगली होती, कडा कापून दुसऱ्या फ्रेमला चालली असती. मी चिंधीला टर्पेंटाइन लावलं आणि ठिपके पुसायला घेतले. हात पुढे जाईना. म्हटलं, आता नाही होणार. काच तशीच भिंतीला टेकवून ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, काय हवंय.